आईचा निळा फोटो

हार घालण्यासारखा, चेहरा दिसेल असा माझ्या आईचा एकही फोटो नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. मावशी सकाळपासून सगळ्यांचे मोबाईल चाळत होती. प्रत्येक फोटोत पदर, नाहीतर पाठ.

आईला कोड होतं. गालांवर, हातांवर पांढरे डाग.
धारूरच्या बाजारात ती पदर दातात धरून जायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही ती नाही.
"काहून काढतीस गं फोटो? ऱ्हाऊ दी." एवढंच म्हणायची. मला लई राग यायचा.

मी संभाजीनगरला पीएचडी करत होते, तेव्हा एकदा आली. लॅब दाखव म्हणाली.

म्हटलं, चल, तुझ्याच पेशी बघू. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, काचेवर लावायची, वर डायचा, म्हणजे चमकणाऱ्या रंगाचा, थेंब.

"माझ्यावर रंग न्हाई ठरायचा बाई. अंगचा व्हता त्योच गेला."
हसत म्हणाली. पण काडी हातात धरून बसून राहिली. खरंच घाबरली होती.

मग मी तिला माझं काम सांगितलं.
पेशीत डीएनए असतो, पिळलेल्या दोरीसारखा. त्या पिळाला दोन खाचा, एक रुंद, एक अरुंद. या डायचा रेणू किंचित वाकलेला, अरुंद खाचेत बरोबर मावणारा. नुसत्या पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो. खाचेत बसला की उजळतो.

"चिटकवतीस कशानं?"
"मी नाही चिटकवत. आकार जुळतो, त्याचा तोच धरून बसतो."

मग तिनं स्वतःच काडी गालातून फिरवली; काच मायक्रोस्कोपखाली ठेवून मी लाईट बंद केला. तिनं मायक्रोस्कोपला डोळे लावले.

काळ्याकुट्ट अंधारात निळे गोळे. प्रत्येक पेशीत एक. सगळे लखलखीत.

"ह्ये समदं मीच हाय?"
"तूच."
"डाग कुठं हायेत?"
"इथं नाहीत, आई."

मी रोज हेच बघायचे. त्या दिवशी अंगावर काटा आला.
डोळ्याला न दिसणारा एक रेणू, डोळ्याला न दिसणाऱ्या खाचेत जाऊन बसतो, आणि माझी आई उजळते. अजूनही मला हे नवलच वाटतं.

डोळे न काढताच ती म्हणाली, "काढ मग ह्येचा फोटो."
आयुष्यात पहिल्यांदा.

मघाशी मावशीला म्हटलं, ठेव तो मोबाईल. तो फोटो फ्रेम करून आणलाय, तोच पाटावर ठेवला.
"ह्ये काय गं?"
"तुझी बहीण."
लॅबमधला तो दिवस मावशीला सांगितला. मग तिनं पदरानं काच पुसली आणि हार घातला.

आई, आज सगळ्यांनी तुला डोळे भरून बघितलं.
सुखात राहा.