उपग्रहाला गवत वाटलेलं सांगलीचं तळं

उपग्रहाच्या फोटोंवरून शहरांतली तळी नकाशावर आखणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यात पंख्याखाली बसून मी दोन जिल्ह्यांचं पाणी निळं आणि गवत हिरवं रंगवते. सोमवारी सातारा-सांगलीची यादी कायम होणार होती. यादीत नसलेलं तळं उद्या कुणी बुजवलं, तरी विचारणारं कोणी नाही. रंगवलेलं पाणी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून शुक्रवारी पहाटेची एसटी पकडली.

साताऱ्यात मंगळवार तळ्याच्या काठावर फोनमधला निळा तुकडा समोरच्या पाण्याशी तंतोतंत जुळला. कोवळं ऊन पाण्यावर पसरलेलं, आणि मी स्वतःवरच खूश! पुढे सांगलीला जायला निवांत तीन तास धरा, आणि खिडकीची जागा सोडू नका. उसाचे तुरे बघता बघता डोळ्यांवर छान पेंग येते.

सांगलीत भडंगाचा पुडा घेऊन रिक्षाने गावाच्या कडेला गेले. यादीतलं शेवटचं तळं बघून परतताना एक हिरवंगार मैदान लागलं. काठावर एक म्हातारे गृहस्थ मासे धरायचं जाळं दुरुस्त करत बसलेले. मी त्या हिरवळीत पाय टाकणार, तोच ते ओरडले.

"आवं ताई, थांबा! बुडाल की! तळं हाय त्ये!"

हे रशीदचाचा. याच तळ्यातल्या माशांवर त्यांचं घर चालतं. त्यांनी हिरवाईत बांबू खुपसला, तर तो खाली जातच राहिला. वर नुसती जलपर्णी माजलेली.

"गेल्या म्हैन्यात राडारोडा टाकाय गाड्या आल्या. आमी म्हटलं, तळं हाय. तर मोबाईल दावला. नकाशात म्हनं गवत हाय. कोन काढतंय वो असलं?"

मी भडंगाचा पुडा मिटला. "मीच, चाचा."

चाचांनी जाळं बाजूला ठेवलं. मग बांबू माझ्या हातात दिला. "घ्या. पानी कुटवर हाय, तुमीच बघा."

आम्ही काठाकाठाने चाललो. दर चार पावलांवर मी बांबू टोचायचा, फोनवर खूण करायची. संध्याकाळ हळदीसारखी पिवळी झाली. जलपर्णीची जांभळी फुलं डुलत होती, आणि वाटत होतं, तळंच हळूहळू पानांखालून वर येतंय. एका कडेला बांबू विटांवर आपटला. तिथे पाणी उरलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

घरी येऊन तळं निळं केलं, बुजलेली कड सोडून. मग नकाशातले बाकीचे हिरवे तुकडे बघत बसले. सगळे मीच रंगवलेले.

सोमवारी साहेबांनी यादीवर सही मागितली. मी दिली नाही.

"आता काय राहिलं?"

"साहेब, नकाशातल्या हिरव्यात गवत कुठलं आणि तळं कुठलं, ते मला माहीत नाही."