झुंबरबाईची मनाई

झुंबरबाईनं जालन्याच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं तिला कधी वाटलंही नाही. माहेर जाफराबादकडचं, सासर बदनापूरजवळच्या एका खेड्यात, नवरा पुंजाराम गावचा माली पाटील. शेतसारा त्याच्याकडं, चोऱ्यामाऱ्या भुजंग पोलीस पाटलाकडं. दोघांचं पटत नसे, त्यामुळं गावात कुणाचंच काम होत नसे. बाई बोलायची कमी. पण एकदा बसली की बसली.

तिची पोरगी नंदा बदनापूरच्या शाळेत सातवीला होती. निजामाचं राज्य गेलं, उर्दूच्या जागी मराठी पुस्तकं आली, आणि त्यातल्या एकात रोम निघालं. परीक्षा जवळ आली तशी नंदा रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून रोम मोठ्यानं वाचायची. झुंबरबाई भाकरी थापता थापता ऐकायची.

"रोममध्ये कॉन्सल नावाचे दोन कारभारी असत. एकाने ठरवलेले दुसरा थांबवू शके."

"म्हंजे माली पाटील अन् पोलीस पाटील," झुंबरबाई म्हणाली. "मंग तिथंबी कामं व्हत नसतीन."

सिनेट म्हणजे चावडीवरचे म्हातारे, हे तिनं न सांगता ओळखलं. पण तिचा जीव अडकला तो पुढच्या धड्यात. गरीब रोमकरांचं कुणी ऐकेना, तेव्हा ते सगळी कामं टाकून टेकडीवर जाऊन बसले. सिनेटनं समजूत घालायला एक गोडबोल्या म्हातारा पाठवला. हातापायांनी पोटाशी भांडण केल्याची गोष्ट त्यानं सांगितली. शेवटी गरिबांना त्यांची स्वतःची माणसं मिळाली, त्यांना ट्रिब्यून म्हणत. ट्रिब्यूननं 'मनाई' म्हटलं की सरकारचं काम जागच्या जागी थांबायचं.

"नुसतं म्हणलं की?"

"हां."

"अन् टेकडीवर ते खात काय व्हते?"

पुस्तकात ते नव्हतं. झुंबरबाईला पुस्तक लिहिणाऱ्याचा रागच आला.

त्याच आठवड्यात पुंजारामनं जेवताना सांगितलं, "सोमवारी पाव्हणे येऊन राह्यले, नंदीला पाह्याला."

सोमवारी इतिहासाचा पेपर होता. नंदा रडकुंडीला आली.

"पेपर बुडला तर बुडला," पुंजाराम म्हणाला. "नापास झाली तर घरी बसंल. सातवी म्हंजे लई झालं." आणि तो हात धुवायला उठला.

पोरगी हुशार होती. तिच्या वयात आपण काय करत होतो ते झुंबरबाईला चांगलं आठवत होतं. पाळणा हलवत होतो.

रविवारी सकाळी तिनं पिठाचा डबा घेतला, तवा घेतला, धाकटी जाऊ चतुराबाई घेतली, आणि गावाबाहेरच्या खंडोबाच्या टेकडीवर जाऊन बसली. चतुराला रोमचं काही ठाऊक नव्हतं. पण लग्न झाल्यापासून तिला दिवसाउजेडी बसायला मिळालं नव्हतं, म्हणून आली.

"येईल भूक लागली की," पुंजाराम म्हणाला. थोड्या वेळानं टेकडीवर चुलीचा धूर दिसला. भूक लागली ती खाली.

दुपारी त्यानं आपले चुलते बद्रीनाथकाका यांना वर पाठवलं. पंचक्रोशीत त्यांच्याइतकं गोड बोलणारं कुणी नव्हतं. झुंबरबाईनं पदर सावरला, पाणी दिलं.

"सूनबाई, तुला एक गोष्ट सांगतो," काका म्हणाले.

"पोटाची का, मामंजी?"

काकांची गोष्ट बैलजोडीची होती. ते गडबडले, पाणी प्यायले आणि उतरले.

तिन्हीसांजा म्हैस हंबरायला लागली. ती झुंबरबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. पुंजारामनं बायकोचं लुगडं पांघरून पाहिलं. म्हशीनं त्याला ओळखलं आणि लाथ घातली. मग तो लंगडत टेकडी चढला.

"काय पाह्यजे तुला?"

"उद्या पोरगी पेपरला जाईल. अन् तिच्या बाबतीत मी मनाई म्हणलं की थांबायचं."

"कायमचं?"

"रोममधी कायमचंच व्हतं."

पुंजाराम गुडघा चोळत उभा राहिला. "चल, म्हैस तटली है."

"हो म्हणा आधी."

"हो बाई, हो!"

नंदानं टेकडीचं उत्तर पानभर लिहिलं. रोमकरांनी पिठाचा डबा नेल्याचंही लिहिलं. मास्तरांनी त्याचा मार्क कापला. "मंग खाल्लं काय त्यांनी, इचार त्याला," झुंबरबाई म्हणाली. पोरगी मात्र पास झाली.

सोमवारचे पुढं ढकललेले पाव्हणे शाळा उघडायच्या आधी आले. मुलगा बरा, जमीन काळीभोर. ओसरीवर सगळं ठरत आलं. बद्रीनाथकाकांनी सुपारी उचलली; ती फुटली की सोयरीक पक्की. नंदा आतल्या दाराशी थिजून उभी होती.

टेकडीवर झुंबरबाईला भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. तिथं गावाबाहेर दिलेला शब्द नवरा चार माणसांत पाळेल का? "मनाई," ती दाराआडून म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मोठ्यानं म्हणाली, "मनाई."

पुंजारामनं काकांच्या हातातली सुपारी काढून घेतली आणि तबकात ठेवली.

"हे काय, पाटील?" पाव्हण्यांनी विचारलं.

"आमच्यात कायदा है तसा. पोरीच्या आईनं मनाई म्हणलं की थांबायचं."

"नवा निघाला का सरकारचा?"

"न्हाई," पुंजाराम म्हणाला. "जुना है. रोमचा."

पाव्हण्यांनी मान डोलावली. निजामाच्या राज्यात कोणकोणते कायदे होऊन गेले, त्यांना तरी कुठं सगळे ठाऊक होते. चहा पिऊन ते गेले.

नंदा आईच्या गळ्यात पडली. झुंबरबाईचे डोळे भरले होते, ते तिनं पदरानं पुसले.

"सोड आता," ती म्हणाली. "आठवीच्या पुस्तकात कोणतं गाव है ते वाच."