साडूभाऊंचे न वाळणारे चित्र

माझ्या साडूने मला फसवले आहे, आणि तेही माझ्याच तेलात. लातुरात माझा तेलघाणा आहे. हातगाडीवर डबे लावून सुरुवात केली; आज माझ्याशी भाव ठरवायला बसणारे आधी घोटभर पाणी पितात. अशा माणसाला नांदेडच्या एका व्यंगचित्रकाराने गुंडाळावे, हे लिहितानासुद्धा डोके तापते.

आमचे साडूभाऊ पूर्वी एका साप्ताहिकात शाईने पुढाऱ्यांची नाके लांब करीत. म्हातारपणी त्यांनी तैलरंग धरले, पण माणसे मात्र तीच गमतीची ठेवली. "शाईत माणूस चिडतो, पाव्हणं. तेलात मुरतो," असे त्यांचे म्हणणे. कोऱ्या कॅनव्हासवर ते कधीच सुरुवात करायचे नाहीत. पांढऱ्यावर माणूस दवाखान्यात भरती झाल्यासारखा दिसतो म्हणे! आधी विटकरी रंगाचा पातळ हात मारायचा, मग चेहरा इमानदारीने जसाच्या तसा काढायचा, आणि रंग ओला आहे तोवर त्यातली एकच गोष्ट पकडून वाढवायची. "दोन वाढवल्या की सर्कस होती." सावली पातळ, उजेड जाड, आणि सगळ्यात जाड रंग नाकाच्या शेंड्यावर. ओठांचे कोपरे ते ब्रशने हलवत नाहीत, बोटाला चिंधी गुंडाळून अलगद सरकवतात. शेजारच्या वकिलाची मिशी त्यांनी अशीच बोटभर जास्त काढली. वकीलसाहेब रुसले, बोलेनात. मग एके दिवशी खरोखरच तेवढी मिशी वाढवून दारात उभे! "अशिलं लई मान देऊन राहिले," म्हणाले.

मला नव्या दुकानात गल्ल्यामागे माझे भारदस्त चित्र हवे होते. हातगाडीचे दिवस आठवणारी माणसे बाजारात अजून आहेत, आणि मला पाहून ती अजून गालातल्या गालात हसतात. उद्घाटनाच्या दिवशी तरी त्यांनी हसू नये, एवढीच माझी इच्छा. गमतीचे काही काढणार नाही, अशी साडूभाऊंकडून शपथ घेतली आणि वर सौदा ठोकला: हात तुमचा, तेल माझे. हे रंग जवसाच्या तेलात कालवतात, आणि जवसाचे तेल माझ्या घाण्यावर रोज निघते. साडूभाऊंनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. मी तिथेच सावध व्हायला हवे होते.

चित्रकारांचे तेल गाळून साफ केलेले असते, ते वाळते. माझे घाण्याचे दाट तेल काही केल्या वाळेना. नांदेडला जावे तेव्हा माझा चेहरा ओलाच!

"साडूभाऊ, दुकान उघडायची वेळ आली, माझा चेहरा काय पुढच्या दिवाळीला वाळणार?" मी ओरडायचो.

"हाव, हाव," म्हणत ते माझ्याकडे टक लावून बघायचे आणि बोटाला चिंधी गुंडाळायचे.

उद्घाटनाला चित्र एकदाचे वाळून गोणपाटात आले. चार लोकांसमोर गोणपाट सोडले, तर चित्रात मी गल्ल्यावरून निम्मा बाहेर आलेला, तोंड उघडे, आणि भाव सांगणारा पंजा सुपाएवढा! सगळा बाजार खदाखदा हसला.

"शपथ घेतली होती तुम्ही!"

"पाळली की. भारदस्तच काढलं होतं. पण तुमचं तेल वाळंना, अन् तुम्ही दर खेपेला येऊन भांडून राहिले. ओला रंग समोर अन् असा माणूस दारात! मी काय डोळे झाकून बसू?"

चित्र उतरवायला मी स्टूल ओढले. बायको आडवी आली.

"पंजाच काय बघताव? डोळे बघा की!"

पाहिले. तोंड भांडत होते, पण डोळ्यांत समोरचे गिऱ्हाईक उठून जाईल की काय ही धास्ती होती. ती मी आजवर कुणाला दाखवली नव्हती. "मला ठाऊक हाय ते," बायको हळूच म्हणाली, आणि मी स्टूल परत सरकवले.

चित्र अजून तिथेच आहे. गिऱ्हाईक पंजा बघून हसते, मग डोळ्यांपाशी थांबते आणि माझ्याशी आवाज खाली आणून बोलते. समोरचा असा बोलला की मलाही ओरडवत नाही. आता न ओरडता भाव कसा करायचा, हे या वयात मला कोण शिकवणार? साडूभाऊंनी लातूरला यावे, चार दिवस राहावे आणि याचा जबाब द्यावा.