इतकं स्वच्छ पाणी

डाग दिसला की बुद्धभूषण वाघमारे यांचा हात थांबत नसे. स्वारगेटजवळच्या एका फोटो स्टुडिओत त्यांचं अर्धं आयुष्य टचिंगमध्ये गेलं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं लोकांचे मुरुम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून टाकायची. पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. हात तोच राहिला.

आईचा शेवटचा फोटोही त्यांनीच टच केला होता. तुळजाबाईंच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते. "देव सगळे सोडले, पण देवीनं काही मला सोडलं नाही," असं त्या गाल चोळत म्हणायच्या. त्या गेल्यावर बुद्धभूषण यांनी एकेक वण भरून काढला. इतकं नाजूक काम त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. विश्रांतवाडीच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी फोटो लागला, माणसं येऊन वाखाणून गेली. फक्त थोरली बहीण इंदुबाई दारातच थांबली आणि म्हणाली, "ही कोण बाई?" दुःखात माणूस कडवट होतो, असं बुद्धभूषण धरून चालले.

मग लोकांच्या खिशात कॅमेरे आले. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आणि निगेटिव्हची खोकी भंगारात गेली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना खराडीतल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली. सहा महिन्यांची, कच्ची. ही गेली तर या वयात दुसरी मिळायची नाही, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. एका परदेशी संस्थेचा रोबो समुद्राच्या तळाशी फिरत असे, माणूस पाण्याच्या दाबानं चिरडला जाईल इतक्या खोल, आपलाच दिवा लावून. तो फोटो काढी आणि ते खराडीत येत. पाणी आधी लाल रंग खातं, मग पिवळा. उरतो तो हिरवट-निळा अंधार. गेलेले रंग परत आणायचं काम बुद्धभूषण यांच्याकडे आलं. मासे, खडक, प्रवाळ यांच्याभोवती चौकटी आखायचं काम तरुण मुलं करत.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक फोटोतले दोन लाल ठिपके काढून टाकले. लग्नाच्या अल्बममध्ये डोळ्यांतले लाल ठिपके काढत, तसेच. शेजारी बसणाऱ्या अभयनं ते पाहिलं. हे लेझरचे ठिपके रोबोच टाकतो, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्यावरून मासा केवढा ते कळतं, हे त्यानं समजावलं आणि वर म्हणाला, "काका, मासा काही लग्नाला उभा नाहीये." सगळे हसले. तेही हसले.

पण पांढऱ्या कणांबद्दल कुणी काही बोललं नाही. प्रत्येक फोटोभर बारीक पांढरे कण होते, निगेटिव्हवर धूळ बसावी तसे. स्टुडिओत धूळ राहिली तर ती टचिंगवाल्याची लाज. त्यांनी एकेक कण उचलला. मागचं पाणी काळंभोर, नितळ झालं. टीम लीड कल्याणी त्यांच्या मुलीच्या वयाची. तिनं त्यांची स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि असं क्लीन काम पाहिजे म्हणाली. फार वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हाताला चांगलं म्हणत होतं.

मग एका सोमवारी तिनं त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. संस्थेतून मेल आली होती. तिनं ती मराठीत सांगितली. इतकं स्वच्छ पाणी जगातल्या कुठल्याच समुद्रात नाही, आमचे कण कुठे गेले?

"म्हणजे ती धूळ नव्हती?"

"नाही काका. वरच्या पाण्यात जे जगून मरतं, त्याचे तुकडे खाली पडत राहतात. तळाशी जे काही जिवंत आहे, ते त्यावरच जगतं. त्यांना तेच मोजायचंय. मलाही आजच कळलं."

बुद्धभूषण यांनी काचेपलीकडच्या आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मूळ फोटो आहेत ना कुठे?"

"आहेत. त्यांच्याकडे सगळे आहेत."

ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मॅडम, उत्तरात माझं नाव लिहा."

"फोटो पास मी केलेत. तुमचं नाव लिहून मी थोडीच सुटणार? चला, परत करू."

सगळं पुन्हा झालं. रंग आणायचे आणि कणांना हात लावायचा नाही. उजवा हात मधेच कणाकडे निघे. ते तो मांडीवर ठेवून नुसते बघत बसत. लागोपाठच्या फोटोंत तोच कण जरा खाली, आणखी जरा खाली दिसे. उचलताना हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. वर कुणीतरी कधीच मेलं होतं आणि अजून खाली पोचायचं होतं.

संस्थेनं काम स्वीकारलं. नोकरी आणखी सहा महिने वाढली. कच्चीच.

त्या रविवारी दुपारी त्यांनी आईचा फोटो भिंतीवरून उतरवला. गुळगुळीत चेहरा, कुणाचाही. वण कुठे होते, हे आठवायचा प्रयत्न केला. पेन्सिलीचं टोक आठवलं, खालचा उजेड आठवला. वण आठवले नाहीत. त्यांनी इंदुबाईला फोन लावला.

"अक्का, आईच्या तोंडावरचे वण नेमके कुठे होते गं?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"तूच पुसलेस. आता तूच शोध."

त्यांनी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. मग ती म्हणाली, "एक नाकाच्या डाव्या अंगाला होता. तू लहान असताना त्यात बोट घालायचास. बाकीचे मलाही नाही सांगता येणार."

फोटोच्या काचेवर धूळ साचली होती. बुद्धभूषण यांनी आईच्या नाकाशेजारी बोट टेकवलं आणि उचललं. धुळीत बोटाएवढा ठिपका राहिला. खिशातला रुमाल त्यांनी खिशातच ठेवला आणि फोटो होता तिथे लावला.