आकाशगंगेतली काजळी

एका दूरच्या आकाशगंगेतली सगळी काजळी मी कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, रविवारी, पोहे खाता खाता पुसून टाकली. मुद्दाम नाही. समोरच्या निमकरबाईंवर उपकार करायला गेलो होतो.

निमकरबाई खगोलशास्त्रज्ञ होत्या आणि नऊच्या ठोक्याला झोपायच्या. सोसायटीत हे कुणाला पटत नसे. ग्रहण बघायला गच्चीवर बोलावलं तर म्हणायच्या, "आपण बघा. मला डास चावतात." त्यांचं आकाश सीडीवरून यायचं, दुर्बिणीने टिपलेल्या आकड्यांचं. ते त्या सकाळी सहा ते आठ, भाजी निवडायच्या ताटाशेजारी संगणक ठेवून बघायच्या.

नेमकं काय बघता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्या बायकोने, वैशालीने, घासायला काढलेली कढई उचलली, बुडावर बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे. कार्बनच्या कड्या जोडून झालेले रेणू. अवकाशातल्या वायूतही असतात. आता आकाशगंगेच्या मधोमध कृष्णविवर असतं. काही विवरं उपाशी असतात, काही बकाबका गिळतात. गिळणाऱ्याभोवती सगळं इतकं तापतं की क्ष-किरण सुटतात. एवढ्या आगीशेजारी ही काजळी टिकेल?"

"नाही टिकणार."

"सगळे हेच म्हणतात. तुम्ही तर विचारही न करता म्हणालात."

बाईंचं म्हणणं होतं, टिकते. त्यांचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. "बाबा सांगायचे, चाचणीत काय उडालं ते बघायला सगळे धावतात. मी उरलेलं मोजायला जातो." बाईंनी वीस वर्षं तेच केलं होतं.

निवृत्तीला दीड महिना उरला असताना त्यांच्या लेखावर परदेशी परीक्षकाचा शेरा आला: आलेखात फार कचरा आहे, साफ करून पाठवा. निवृत्तीच्या दिवशी संगणक संस्थेला परत जाणार होता. म्हणजे हा लेख हुकला की हुकलाच.

इथे माझा प्रवेश. पंपांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कारखान्याने हातात नारळ दिल्यावर चाळिशीत कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि हिंजवडीला चिकटलो. तिथे आम्ही एका अमेरिकन विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती साफ करायचो. वेडंवाकडं दिसेल ते उडवायचं. एकशे बारा वर्षांचा ग्राहक दिसला, उडव. एखादा खरंच तेवढं जगला असेल, ही शंका आमच्या पगारात बसत नव्हती.

"दुर्बिणीवर भरकटलेले कण आदळतात, त्यांच्या खोट्या सुया आलेखात उठतात. तेवढ्या काढून द्याल?" बाईंनी विचारलं.

"बाई, हे तर आमचं रोजचंच!"

पोहे संपायच्या आत प्रोग्राम तयार. आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट. बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "छान. आभारी आहे." त्यांनी टोमणा मारला नाही, तिथेच मला कळायला हवं होतं.

आठ दिवसांनी वैशाली म्हणाली, "अहो, निमकरबाई लेख मागे घेतायत. म्हणाल्या, साफ केल्यावर काही उरलंच नाही, म्हणजे इतकी वर्षं मी कचऱ्यालाच काजळी समजत होते. उद्या पत्र टाकणार आहेत. आज त्यांनी मेथी न निवडताच फोडणीला टाकली."

मी लगेच प्रोग्राम उघडून पाहिला. आजूबाजूपेक्षा जरा उंच दिसेल ते सगळं मी सपाट केलं होतं. टोकदार सुयाही, आणि आलेखात काजळी ज्यांच्यावरून ओळखतात ते टेकडीसारखे उंचवटेही. कृष्णविवराला जे जमलं नव्हतं ते मी करून दाखवलं होतं.

तसाच जाऊन समोरची बेल वाजवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे केर काढताना तुम्ही घरातली माणसंही झाडलीत."

"हो."

"आणि मला सांगितलंत, घर किती स्वच्छ झालं."

"मूळ आकडे जागेवर आहेत, बाई."

"मग बसा. मी बोट ठेवीन तेवढीच सुई काढायची. आपली बुद्धी बाहेर चपलांशेजारी ठेवा."

चार सकाळी आम्ही एकेक सुई हाताने काढली. लहान रेणूंचा उंचवटा जवळजवळ नव्हताच. त्यांना विवराभोवतीच्या उजेडाने खरंच फोडलं होतं. मोठ्या रेणूंचा मात्र धुळीच्या आडोशाला ठाम उभा होता. "अर्धी बरोबर होते मी," बाई पुटपुटल्या. मग ताट पुढे ओढून त्यांनी मेथीची जुडी सोडली, एकेक पान निवडायला लागल्या आणि म्हणाल्या, "अर्धी म्हणजे पुष्कळच."

लेख छापून आला तोवर बाई नाशिकला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. प्रत टपालाने आली. शेवटी आभारात माझं नाव! मी ती सोसायटीभर मिरवली. तिसऱ्या मजल्यावरच्या शेखभाईंनी तर दोनदा वाचली. घरी येऊन मी ती वैशालीपुढे धरली.

तिने ती नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "आठ दिवस त्या बाईंना स्वतःच्या वीस वर्षांची शंका आली, तुमची नाही आली. पुन्हा कुणी तुमच्यावर एवढा विश्वास टाकायला लागलं, तर आधी मला सांगा. मी जाऊन त्यांना सावध करते."