एकोणीस नंबरचं टोकन

या सदरातले अनुभव मी वाचतो ते दुपारच्या डब्याबरोबर, हसायला. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या स्वयंपाकघरात आपोआप भांडी वाजतात… आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा घरातलं देव, भूत, उतारे, लिंबू-मिरची सगळं एकाच दिवशी बाहेर गेलं. मी तिसरी पिढी. त्यामुळे "यांना भास झाला असणार" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवत असतील, त्यांना आधीच सांगतो – मी तुमच्याच बाजूचा माणूस आहे. हे लिहितोय ते रागापोटी. तो अजून उतरलेला नाही.

मी खापरखेड्याला वीज केंद्रात, बॉयलर मेंटेनन्समध्ये. सव्वीस वर्षं झाली. बॉयलर बंद करून आत माणसं उतरवावी लागतात, तेव्हा आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. तोंडाजवळ एक फळा असतो. आत जाणारा आपलं पितळी टोकन स्वतःच्या हातानं फळ्यावर लावतो, बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढतो. फळा रिकामा झाल्याशिवाय झाकण लागत नाही. दुसऱ्याच्या टोकनला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ असो की साहेब. या एका नियमावर आमची माणसं संध्याकाळी घरी जातात.

आता जिथं हे घडलं त्या पदयात्रेकडे येतो. आमच्या ओळखीतला एक गृहस्थ दरवर्षी काहीतरी "चॅरिटी ट्रेक" काढतो. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. फौजेत कधी नव्हता, पण टी-शर्टवर तसं छापून घेतलंय, मग लोकही म्हणायला लागले. यंदा चालायचं होतं ते ज्या पोरांना चालता येत नाही त्यांच्या व्हीलचेअरसाठी. कारण चांगलं होतं, आजही म्हणतो. वाट होती रामटेकची, जुनी. नगरधनच्या किल्ल्यापासून शेताशेतांतून अंबाळा तलाव, तिथून डोंगर चढणाऱ्या दगडी पायऱ्या, मग गड, आणि पलीकडच्या अंगाला गाड्या लागतात तिथं उतरायचं. कार्तिकातल्या यात्रेला लोक शेकडो वर्षं असेच पायी जात आले म्हणे. मी देवळात जाणारा नाही, पण वाट सगळ्यांची असते. शिवाय प्रमिलाताई येते म्हणाली.

प्रमिलाताई माझी मोठी बहीण. जरीपटक्याला राहते, अंगणवाडीतून रिटायर झाली. आई-बाबा दोघंही कामावर जायचे, तेव्हा मला कडेवर घेऊन शाळेत बसणारी हीच. चौसष्ट वय, दहा वर्षांपासून शुगर. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुह्यापेक्षा जास्त चालतो मी. ज्या लेकरायले पाय नाहीत त्यायच्यासाठी चालाचं नाही त मंग कोणासाठी चालाचं?"

पदयात्रेसाठी टोकनचा फळा मीच करून दिला. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस नंबर. इथं पद्धत उलटी – मुक्कामावर पोचला की ज्यानं त्यानं आपलं टोकन लावायचं, निघताना काढून गळ्यात घालायचं. फळा भरला म्हणजे सगळे आले. हूक स्प्रिंगचे, अंगठ्यानं दाबल्याशिवाय न उघडणारे, मुद्दाम. नियम मी सगळ्यांना नगरधनलाच सांगितला, दोनदा. कॅप्टननं मान डोलावली. ताईचा नंबर एकोणीस.

होळीच्या आधीचा रविवार होता. अंबाळ्यापर्यंत सगळं ठीक. दुपारी तीनला तलावाच्या काठी फळा भरला, रिकामा झाला. ऊन मी म्हणत होतं. पुढं पायऱ्यांची चढण. मी ताईबरोबर शेवटी राहणार होतो, पण कॅप्टन म्हणाला, "विलासभाऊ, तुम्ही बसनं फळा घेऊन पलीकडे व्हा, तिथं ताकाची व्यवस्था बघा. शेवटी मी आहे ना! ताईंना हात धरून आणतो, एकदम टेन्शन फ्री." ताईनंही जा म्हटलं. ओझं नको म्हणून मी तिची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि बसमध्ये चढलो. त्या पिशवीत तिचे ग्लुकोजचे पुडे होते, बिस्किटं होती, फोनही होता. हे मी स्वतः केलं.

मी गेल्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. पायऱ्यांवर माकडं गळ्यातलं ओढतात म्हणून कॅप्टननं सगळ्यांची टोकनं काढून आपल्या चेनच्या बॅगेत भरली. ताई नको म्हणत होती, तिच्याकडूनही घेतलं. मग त्याला ड्रोनचा शॉट आठवला. गडावर सगळे पोचायच्या आत हा वर पाहिजे होता, म्हणून कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून रस्त्यानं पुढं निघून गेला. मागे कोणीच नव्हतं.

पाच वाजता लोक उतरून बसजवळ आले. मी ताक वाटत होतो. वाटून झाल्यावर फळ्याकडे पाहिलं – भरलेला. एक्केचाळीस. मन शांत झालं. बायका दुसऱ्या बसमध्ये बसल्या होत्या, ताई तिकडेच असेल म्हणून मी फळा उचलून पहिल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे टांगला आणि बसलो. त्या फळ्याचा फोटो कॅप्टननं आधीच काढला होता.

बस सुरू होता होता ड्रायव्हर गणेशभाऊ आरशात पाहून म्हणाले, "भाऊ, तुमचं एक टोकन कमी दिसून राहिलं."

एकोणीसचा हूक रिकामा होता. खाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, नाही. कॅप्टन माझ्या मागच्याच सीटवर. त्याच्या मांडीवर ती चेनची बॅग. त्यानं चाळा म्हणून चेन उघडली तर टोकन आत! "अरे, लावायचं राहून गेलं असेल," म्हणाला आणि लावून टाकलं. राहून कसं जाईल? मी स्वतः एक्केचाळीस मोजले होते. पण ताईचं टोकन याच्या बॅगेत कसं, हेही मी विचारलं नाही. उन्हात चुकलं असेल मोजताना, असं मनाला समजावलं. शिवाय फळ्याला हात लावल्याचा राग आला होता तो वेगळाच, आणि चारचौघांत त्याच्याशी वाद नको असं मी ठरवलं.

गडाचा उतार संपायच्या आत गणेशभाऊ पुन्हा म्हणाले, "भाऊ, गेलं पाहा."

पुन्हा रिकामा. हूक बंद. टोकन कॅप्टनच्या बॅगेत, चेन लावलेली. तो हसला. "माकडाची करामत दिसते!" बसमध्ये माकड कुठून येणार? मला वाटलं हाच थट्टा करतोय, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी टोकन त्याच्या हातातून ओढून घेतलं, स्वतः लावलं, हूक दोनदा ओढून पाहिला. मग जरा बरं वाटावं म्हणून ताईला फोन लावला.

रिंग माझ्या डोक्यावर वाजली. रॅकमध्ये ठेवलेल्या तिच्या पिशवीत.

मी वर पाहिलं. तेवढाच वेळ, एक रिंग. खाली पाहतो तर हूक रिकामा आणि बंद. कॅप्टननं स्वतःहूनच बॅग उघडली. आता त्याच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. टोकन आत होतं.

मी ओरडून बस थांबवली. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला फोन लावून आत नाव विचारायला लावलं. ताई त्या बसमध्ये नव्हती. पायऱ्या अर्ध्या चढल्यावर तिला कोणी पाहिलंच नव्हतं. मी कॅप्टनची कॉलर धरली, तेव्हा कुठे त्यानं सांगितलं, "अहो, मी सगळ्यांची एकदमच लावून टाकली. फोटो काढायचा होता, ऊन उतरत होतं… सगळे येणारच होते ना!"

येणारच होते! बॉयलरमध्ये असं केलं असतं तर आत माणूस असताना झाकण लागलं असतं, आणि असं करणाऱ्याला मी तुरुंगात बसवलं असतं. इथं कॅप्टनसाहेब म्हणतात, "तुम्ही बघून या विलासभाऊ, मी बाकीच्यांना घेऊन निघतो, लोकांना उशीर होईल." आणि खरंच निघाला. सगळ्यांना दुसऱ्या बसमध्ये कोंबलं आणि निघाला.

गणेशभाऊंनी रिकामी बस अंबाळ्याकडे पळवली. आम्ही दोघं पायऱ्या चढलो. मी हाका मारत होतो, ते मागून पाणी आणि ताईची पिशवी घेऊन. चढणीच्या मध्यावर, वाटेच्या बाजूला, झुडपाआड एक पडका चौथरा आहे. वाटेवरून दिसत नाही. ताई तिथं भिंतीला टेकून बसली होती. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर नजर फिरेना. उजवा हात समोर उचलून अंगठा आणि बोट दाबत होती, सोडत होती, दाबत होती… मी ग्लुकोजचं पाणी तिच्या ओठांत घातलं, अर्धं साडीवर सांडलं. चार-पाच घोट गेल्यावर तिचा हात खाली आला.

रामटेकच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. तिथली डॉक्टर वयानं लहानच होती. तिनं शुगर पाहिली आणि माझ्यावर वसकलीच, "यांना डोंगरात एकटं सोडून कोण आलं?" मी म्हटलं, आम्ही.

ताई शुद्धीवर आल्यावर मी काही विचारायच्या आत, तीच बोलली. गणेशभाऊ शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर झालेलं आहे हे.

"मले चक्कर आली म्हणून बसली मी. मंग उठताच नाही आलं. आवाज निंघेना. अन् मले तो फळाच दिसून राहिला होता, विलास. माह्या समोर. त्याच्यावर माह्यं टोकन लागलं होतं. मी म्हटलं, मी त पोचलीच नाही, मंग हे लागलं कसं? मी काढलं. कोणीतरी पुन्हा लावलं. मी पुन्हा काढलं. तीनदा काढलं मी."

गणेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणीही तिच्यापुढं टोकनचा शब्द काढला नव्हता.

त्यानंतरचं ऐका, म्हणजे माझा राग कळेल. त्याच संध्याकाळी, ताईला सलाईन चालू असताना, ग्रुपवर कॅप्टनची पोस्ट – भरलेल्या फळ्याचा फोटो, खाली "४१ निघाले, ४१ पोचले". मी खाली सगळी हकीकत लिहिली. दोन दिवसांनी साहेबांची नवी पोस्ट. या पवित्र वाटेवर साक्षात चमत्कार घडला, हरवलेल्या मावशींना वरच्यानंच वाचवलं, आम्ही निमित्तमात्र. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. एकानंही विचारलं नाही की बाबा, चमत्काराची वेळ का आणलीस? चूक याची, श्रेय देवाचं, आणि हा पुन्हा हार घालून घ्यायला मोकळा. पुढच्या वर्षीच्या ट्रेकचं पोस्टरसुद्धा आलंय. त्यावर "चमत्काराची वाट" असं लिहिलंय. ते पोस्टर मी पाहिलं आणि फोन भिंतीवर फेकायचा तेवढा राहिला.

मी त्याला घरी जाऊन झाडलं. त्याच्या बायकोसमोर, त्याच्या वडिलांसमोर. तो म्हणाला, "पण शेवटी सगळं चांगलंच झालं ना?" या माणसाला काय बोलणार. पालथ्या घड्यावर पाणी.

टोकनचं म्हणाल तर मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. तोच फळा वर्कशॉपमध्ये हादरे देणाऱ्या यंत्रावर ठेवला, दिवसभर. एकही टोकन पडलं नाही. पडलं असतं तरी बंद चेनच्या बॅगेत कसं गेलं असतं? कॅप्टननं हातचलाखी केली म्हणावं, तर तिसऱ्या वेळी त्याचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांडीवर होते, गणेशभाऊंनी आरशात पाहिलेत. आणि केलीच असती, तर स्वतःचीच चोरी उघडी पाडायला? ताईला ते कसं दिसलं, हे तर मी स्वतःला विचारणंही सोडलंय. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. फक्त देव मध्ये आणू नका, आणि भुतं तर नकोच.

मागच्या आठवड्यात ताईकडे गेलो होतो. ती आता बरी आहे, सकाळी गल्लीत दोन फेऱ्या मारते. चहा ठेवता ठेवता मी तिला सगळं पहिल्यांदा क्रमानं सांगितलं – बसमध्ये कोणकोणत्या वेळी हूक रिकामा दिसला, आम्ही कुठं होतो, मी काय केलं. आतापर्यंत टाळत आलो होतो. तिनं गॅस बारीक केला.

मग म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा काढलं तवाच तुले दिसलं होतं."

मी हो म्हटलं.

"नंबर माहा आहे हेबी माहीत होतं तुले."

"हो, ताई."

"मंग पहिल्या खेपेलेच काहून नाही आला रे, विलास?"