गाडी बंद पडत होती ते बरंच झालं

दोस्तहो, आज सकाळी आईले घेऊन बोरी अरबवरून यवतमाळले गेलतो. आमची जुनी कार महिनाभर त्रास देऊन राह्यली होती. गतिरोधक आला, गाडी हळू केली, की इंजन बंद!

प्लग बदलले, फिल्टर बदलला. शेवटी मीच डोकं लावून इंजनची रेस, म्हणजे उभ्या गाडीत इंजन फिरायचा वेग, वाढवून घेतली. बंद पडणं थांबलं, मी खूश. आज यवतमाळच्या पहिल्याच चौकात पुन्हा बंद.

जवळच सलीमभाई मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. माझ्या बाजूले बसले अन् म्हणाले, "गाडी चालवा, अन् ब्रेक न दाबता हँडब्रेकनं थांबवा."

थांबवली. इंजन चालूच! मग ब्रेक दाबला. पायापाशी सूंऽऽ आवाज आला अन् इंजन बंद.

"ब्रेक हलका ठेवणारा बूस्टर फाटला भाऊ, तिथून हवा इंजनात जाते. उद्या ब्रेक दगडासारखा कडक झाला असता, गाडी थांबलीच नसती. गाडी बंद पडून हेच सांगत होती. तुम्ही रेस वाढवून तिचंच तोंड दाबलं."

मागच्या सीटवर आई झोपली होती, तिले यातलं काही ऐकू गेलं नाही. मी सलीमभाईले हात जोडले.

नवा बूस्टर बसवून परत येताना आई म्हणे, "आज एवढी हळू काहून चालवून राह्यला?"

सांगा, तिले काय सांगू?